गाण्यातली ‘ती’ कोण?

परवा आमच्या कर्वेनगरच्या भिशीत गाणी रंगली होती. एकीनं ‘ती गेली तेव्हा’ म्हणायला घेतलं, तशी दुसरी म्हणाली, “अगंबाई, कुणाचा एवढा प्रेमभंग झालाय?” सगळ्या हसल्या. मला मात्र हसू येईना.

कॉलेजात असताना मीही ते विरहगीतच समजत होते. ही कविता ग्रेस यांची, म्हणजे नागपूरच्या माणिक गोडघाटे यांची. १९८९ च्या ‘निवडुंग’ चित्रपटासाठी हृदयनाथ मंगेशकरांनी तिला चाल दिली आणि गायलीही त्यांनीच. सुरुवातीच्या पावसातच आपण इतक्या भिजतो, की पुढच्या शब्दांकडे लक्षच जात नाही. तिथं तर कवीनं सरळ सांगितलंय, गेलेली ती आई आहे. मग अंगणात संपलेलं बालपण येतं, खिडकीवरचा एकटा कंदील येतो. प्रेयसी गेल्यावर बालपण कसं संपेल?

गेल्या वर्षी माझी आई गेली. तेराव्यानंतर माहेरच्या अंगणात उभी होते. मी स्वतः दोन मुलांची आई, पण आता “जेवलीस का गं?” विचारणारं कुणी उरलं नव्हतं. ते कडवं मला तेव्हा कळलं.

मैत्रिणींनो, उदास गाण्याचा अर्थ नुसत्या चालीवरून ठरवू नका. शब्द एकदा वहीत उतरवून सावकाश वाचा. शाळेत मुलांनाही मी हेच सांगते.

आणि एखादी असं गाणं म्हणू लागली, तर हसण्याआधी तिच्याकडे पाहा. त्या दिवशी भिशीत गाणारीचे डोळे भरून आले होते.