ब्रुकवूडमध्ये झोपलेला ऑलिंपिकवाला

लंडनला राहत असाल तर वॉटर्लूहून गाडी पकडून एकदा ब्रुकवूडला जाच. तिथल्या पारशी दफनभूमीत सर दोराबजी टाटा आहेत, शेजारी पत्नी मेहरबाई. टाटांचा पोलाद कारखाना उभा करणारे म्हणून ते ठाऊक असतात. पण केंब्रिजपासूनच हा गडी खेळवेडा! पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत त्यांनी शेतकऱ्यांची पोरं अनवाणी पळताना पाहिली. मग मुंबईच्या गव्हर्नरला शब्द टाकायला लावला, पदरचे पैसे घातले आणि १९२० साली सहा जण अँटवर्प ऑलिंपिकला गेले. बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वा आला. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे, म्हणजे पदक अगदी हातातून निसटलं. पैसेवाल्याचं नाव राहिलं, पळणाऱ्यांचं पुसट झालं, हे मला तरी खटकतं. दोराबजी १९३२ मध्ये जर्मनीत वारले.