बाटलीवरची बारीक अक्षरे

दहावीच्या परीक्षेला दोन महिने उरले की शाळेत येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : ‘सर, स्मरणशक्तीसाठी काही द्यावे का?’ मागे एका विद्यार्थ्याच्या आई प्रश्नाबरोबर बाटलीच घेऊन आल्या. मुलाच्या मामांनी ती अमेरिकेहून पाठवली होती. मुलगा रात्री एकपर्यंत जागा असतो, सकाळी उठवत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही आणि विचारले तर चिडतो, अशी त्यांची तक्रार होती. बाटलीवर मेंदूचे चित्र होते आणि खाली तीन आश्वासने : तल्लख स्मरण, प्रसन्न मन, गाढ झोप. रात्री दोन गोळ्या घ्यायच्या. द्याव्यात का?

आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला निदान लेबल तरी वाचता यायला हवे. म्हणून भिंग घेऊन बसलो.

सर्वांत बारीक अक्षरांतला मजकूर सर्वांत महत्त्वाचा निघाला. हे दावे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तपासलेले नाहीत आणि हे उत्पादन कोणत्याही रोगाचे निदान, उपचार वा प्रतिबंध यांसाठी नाही, असे तिथे छापलेले होते. अमेरिकेत १९९४ साली झालेल्या कायद्याने अशा गोळ्यांना औषध न मानता ‘पूरक आहार’ मानले. औषध बाजारात आणण्यापूर्वी ते गुणकारी व सुरक्षित असल्याचे सिद्ध करावे लागते. पूरक आहाराला ती अट नाही. आपल्याकडेही अशा उत्पादनांसाठी २०१६ साली वेगळे नियम निघाले. तेव्हा ‘अमेरिकेत मिळते म्हणजे तपासलेलेच असणार’ हा समज पहिल्याच ओळीला गळून पडतो.

आता घटक पाहू. पहिला ट्रिप्टोफॅन. हे एक अमिनो आम्ल असून ते शरीराला तयार करता येत नाही, आहारातूनच मिळवावे लागते. दूध, डाळी, शेंगदाणे, अंडी यांत ते असते. मेंदूतील काही चेतापेशी त्यापासून सेरोटोनिन बनवतात. मनाची अवस्था, भूक, झोप अशा अनेक गोष्टींशी सेरोटोनिनचा संबंध आहे. पुढे पिनियल नावाच्या वाटाण्याहूनही लहान ग्रंथीत सेरोटोनिनपासून मेलॅटोनिन हे संप्रेरक तयार होते आणि ते शरीराला रात्र झाल्याची वर्दी देते. इतके वाचले की वाटते, चला, ट्रिप्टोफॅन खाल्ले की मन प्रसन्न आणि झोप गाढ! केळे खाल्ल्याने आनंद वाटतो, हेही याच धर्तीवर सांगितले जाते, कारण केळ्यात तर तयार सेरोटोनिनच असते.

पण पोट आणि मेंदू यांच्यामध्ये एक चौकी आहे. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंतींच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की रक्तातील बहुतेक पदार्थ त्यांतून आत शिरू शकत नाहीत. केळ्यातले सेरोटोनिन या चौकीबाहेरच राहते. ट्रिप्टोफॅनला आत जाण्याची परवानगी आहे; मात्र ज्या दारातून ते जाते त्याच दारातून आणखी चार-पाच अमिनो आम्ले जाऊ पाहतात आणि ट्रिप्टोफॅनची संख्या त्यांत फार थोडी. एस.टी.च्या दारात गर्दी झाली की किरकोळ अंगाच्या माणसाचे जे होते तेच इथे होते. म्हणून प्रथिनयुक्त जेवणानंतर रक्तातले ट्रिप्टोफॅन वाढले तरी मेंदूत जाणारे वाढतेच असे नाही. गंमत अशी की, नुसते पिष्टमय पदार्थ खाल्ले तर इन्शुलिन स्रवते, त्यामुळे स्पर्धक अमिनो आम्ले स्नायूंमध्ये ओढली जातात, दारातली गर्दी कमी होते आणि ट्रिप्टोफॅनला वाट मिळते. अमेरिकेतील फर्नस्ट्रॉम आणि वुर्टमन यांनी १९७० नंतरच्या वर्षांत उंदरांवरील प्रयोगांतून ही यंत्रणा उलगडली. रात्री कपभर गरम दूध पिऊन झोप येते ती ट्रिप्टोफॅनमुळे, असे या हिशेबाने म्हणता येत नाही. सवय, ऊब आणि आईचा हात यांचा वाटा जास्त असावा.

शुद्ध ट्रिप्टोफॅनच्या गोळ्यांचा इतिहास मात्र गमतीचा नाही. १९८९ साली न्यू मेक्सिको राज्यातील काही रुग्णांना असह्य स्नायुदुखी सुरू झाली आणि त्यांच्या रक्तातील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी भयंकर वाढल्या. हे सगळे ट्रिप्टोफॅन घेणारे होते. पाहता पाहता अमेरिकेत दीड हजारांवर रुग्ण सापडले आणि तिसाहून अधिक दगावले. माग काढत गेल्यावर बहुतेकांच्या गोळ्यांतला माल जपानमधील एकाच उत्पादकाकडचा निघाला. तयार करताना त्यात अत्यल्प प्रमाणात अशुद्ध द्रव्ये राहिली होती. पदार्थ ‘नैसर्गिक’ असणे आणि बाटलीतला माल शुद्ध असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरा घटक मेलॅटोनिन, ५ मिलिग्रॅम. अमेरिकेत येल विद्यापीठातील आरॉन लर्नर यांनी १९५८ साली गाईगुरांच्या हजारो पिनियल ग्रंथी गोळा करून ते वेगळे केले. अंधार पडला की ते स्रवू लागते आणि उजेडात त्याचे स्रवणे दबते. बाहेरून ०.३ मिलिग्रॅम दिले तरी रक्तातले प्रमाण रात्रीच्या नैसर्गिक पातळीपर्यंत पोचते. गोळीत त्याच्या सोळापट! आणि गोळीत खरोखर किती असते? कॅनडात ३१ उत्पादने तपासून २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लेबलवरील आकड्यापेक्षा एका उत्पादनात ८३ टक्के कमी, तर दुसऱ्यात ४७८ टक्के जास्त मेलॅटोनिन निघाले. आठांमध्ये तर लेबलवर नाव नसलेले सेरोटोनिनही होते.

गुण येतो का? थोडासा. निद्रानाशावरील अनेक चाचण्यांचे निकाल २०१३ साली एकत्र केले गेले, तेव्हा मेलॅटोनिन घेणाऱ्यांना नुसती खडूची गोळी घेणाऱ्यांपेक्षा सरासरी सात मिनिटे लवकर झोप लागल्याचे दिसले. लांबच्या विमानप्रवासानंतर बिघडलेले शरीराचे घड्याळ लावायला त्याचा चांगला उपयोग होतो. पण आपल्या विद्यार्थ्याचे काय? वयात येताना मुलांचे मेलॅटोनिन लहानपणापेक्षा उशिरा स्रवू लागते. त्यामुळे रात्री लवकर झोप न येणे आणि सकाळी डोळे न उघडणे हा या वयाचा निव्वळ आळस नव्हे, हे आपण शिक्षकांनीही लक्षात ठेवायला हवे. त्यात उशाशी मोबाइलचा उजेड असला की ते आणखी पुढे ढकलले जाते. म्हणजे एका हाताने उजेड पाडून मेलॅटोनिन दाबायचे आणि दुसऱ्या हाताने गोळी गिळायची!

तिसरा घटक पाहून त्या आईंचा चेहरा खुलला : ब्राह्मी. पण कोणती ब्राह्मी? या नावाने आपल्याकडे दोन वनस्पती ओळखल्या जातात. एक मंडूकपर्णी. तिची पाने मूत्रपिंडाच्या आकाराची, कडेला दातेरी; ती जमिनीवर सरपटते आणि पेरापेराशी मुळे धरते. ती गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली. दुसरी नीरब्राह्मी. तिची पाने लहान, मांसल, बिनदेठाची, समोरासमोर, फुले पांढरट-जांभळी, ती ओलसर जागी वाढते आणि इसबगोलाच्या कुळात मोडते. दोघींतील रसायने वेगळी. स्मरणावरचे बहुतेक आधुनिक प्रयोग नीरब्राह्मीवर झाले आहेत. (दोन्ही कुंड्यांत लावून वर्गात ठेवाव्यात, एकाच नावाच्या दोन वनस्पती हा धडा आपोआप होतो.) सुमारे ३०० मिलिग्रॅम अर्क बारा आठवडे घेतल्यावर काही चाचण्यांत प्रौढांच्या स्मरणात थोडी सुधारणा दिसली. मात्र चाचण्या लहान होत्या आणि सगळ्यांचे निकाल सारखे नाहीत. बारा आठवडे म्हणजे परीक्षा उरकून स्वारी मामाच्या गावाला गेलेली असेल.

जिंकगोबद्दल थोडक्यात. या चिनी वृक्षाच्या पानांचा अर्क म्हातारपणीची विस्मृती टाळतो का, हे अमेरिकेत ७५ वर्षांवरील ३०६९ माणसांना सुमारे सहा वर्षे तपासून पाहिले गेले. २००८ साली उत्तर आले : नाही. अश्वगंधेने ताण थोडा कमी होतो असे काही छोट्या चाचण्या सांगतात. पण यकृताला इजा झाल्याचीही उदाहरणे नोंदली गेली आहेत आणि डेन्मार्कने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. आमच्या बाटलीवर या तिन्ही वनस्पती ‘खास मिश्रण, ६०० मिलिग्रॅम’ अशा एकाच ओळीत होत्या. कोणती किती, याचा पत्ता नाही.

सगळ्यांत शेवटी, कोपऱ्यात, एक नाव होते आणि तिथे मात्र आम्ही थांबलो : जीवनसत्त्व बी-१२. चेतातंतूंवर विजेच्या तारेसारखे जे वेष्टन असते ते नीट राहण्यासाठी हे लागते. दिवसाला गरज फक्त दोन-अडीच मायक्रोग्रॅम. मुलांना गणित घालावे : एक ग्रॅम बी-१२ एका माणसाला किती वर्षे पुरेल? उत्तर हजार वर्षांहून जास्त येते. पण एवढेसेही भाजी-भाकरीतून मिळत नाही, कारण वनस्पती ते बनवतच नाहीत. ते जीवाणू बनवतात आणि मांस, मासे, अंडी, दूध यांतून ते आपल्याला मिळते. चहातल्या चमचाभर दुधाने भागत नाही. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक स्त्रियांत बी-१२ कमी होते. ज्या मातांत ते फार कमी होते त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि स्मरण यांच्या काही चाचण्यांत मागे पडलेली आढळली. मात्र ज्यांच्या शरीरात बी-१२ पुरेसे आहे त्यांना ते अधिक दिल्याने बुद्धी वाढते, असे दिसलेले नाही. खड्डा असेल तर भरावा. सपाट जमिनीवर माती ओतून टेकडी होत नाही.

मग ‘आमच्या मुलाला फरक पडला’ असे सांगणारे पालक खोटे बोलतात का? मुळीच नाही. हे पडताळण्यासाठी आम्ही नववीच्या वर्गात एक प्रयोग करतो. वीस शब्द दोन मिनिटे दाखवायचे, मग आठवतील तेवढे लिहायला सांगायचे. आठवड्याने वेगळे वीस शब्द घेऊन पुन्हा तेच. तिसऱ्या आठवड्याला पुन्हा. बहुतेक मुलांचे गुण वाढतात, कारण शब्दांची गोष्ट गुंफायची युक्ती त्यांना सापडते. मधल्या काळात त्यांना गोळी दिली असती तर श्रेय गोळीला गेले असते. म्हणूनच चाचणीत बिनऔषधी गोळी घेणारा दुसरा गट लागतो आणि कोणाला काय मिळाले हे शेवटपर्यंत झाकून ठेवावे लागते.

झोपेचा स्मरणाशी संबंध मात्र जुना आणि भक्कम आहे. जेंकिन्स आणि डॅलनबाख यांनी १९२४ साली दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरगट पाठ करून घेतले. पाठांतरानंतर झोप झाली असेल तर तितकाच वेळ जागे राहण्यापेक्षा कितीतरी अधिक गट आठवले. त्यानंतर या विषयावर पुष्कळ काम झाले, ते याच दिशेचे आहे.

आम्ही त्या आईंना दोन गोष्टी सुचवल्या. मुलाला डॉक्टरांकडे नेऊन रक्त तपासावे आणि दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात ठेवावा. घर शाकाहारी, त्यातून मुलाला दुधाचा तिटकारा. बी-१२ खरोखरच बरेच कमी निघाले आणि डॉक्टरांनी उपचार सुरू केले. परीक्षेपर्यंत त्याची चिडचिड पुष्कळ कमी झाली. ती बी-१२मुळे की झोपेमुळे, हे आम्हाला सांगता येत नाही. दोन्ही बदल एकाच आठवड्यात झाले होते आणि तुलनेला दुसरा गट नव्हता. बाटली त्या आमच्याकडेच ठेवून गेल्या. ती प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. नवी नववी आली की भिंगासह वर्गात फिरवतो.