बाग गेली, फुलं राहिली!

एक कोडं घालतो, बघा सुटतंय का. पुण्याजवळ एक बाग होती. ती तिथेच वाढली आणि तिथेच संपली. पण तिची फुलं पाहायची असतील तर आज जावं लागतं थेट स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरात. पावणेदोनशे वर्षं झाली, तरी ती कोमेजलेली नाहीत!

हरलात? मग ऐका. १८२८ साली, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, दापोडीला सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. १८३८ मध्ये अलेक्झांडर गिब्सन नावाचा स्कॉटिश डॉक्टर त्याचा प्रमुख झाला. आता डॉक्टरचं बागेत काय काम? अहो, त्या काळी निम्मी औषधं झाडपाल्याचीच! बाहेरून आणायला महाग पडणारी औषधं इथेच पिकवता येतील का, हे गिब्सन पाहत होता.

त्याने आणखी एक शहाणपणाचं काम केलं. एका चित्रकाराला बसवून बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची सुमारे १७० चित्रं काढून घेतली. पान, फूल, फळ, सगळं अगदी जसंच्या तसं. १८६५ मध्ये बाग बंद पडली, चित्रं मात्र टिकली. आज ती एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांनी २००२ मध्ये त्यांच्यावर पुस्तकही लिहिलं. झाडांची नावं त्यात सापडतात. पण ज्याने इतक्या बारकाईने ती काढली, तो चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं. त्याचं नाव कुणी लिहूनच ठेवलं नाही! म्हणजे लिहिलं ते राहिलं, लिहायचं राहिलं ते गेलं.

आता मुंबईला जाऊ. भायखळ्याची राणीची बाग माहीत आहे ना? हो, पेंग्विनवाली. पण तिथे प्राणी आले ते मागाहून. १८६२ मध्ये ती उघडली ती झाडांसाठी. आफ्रिकेची पोट सुटलेली गोरखचिंच, म्यानमारची लालचुटुक फुलांची उर्वशी, दक्षिण अमेरिकेचा कैलासपती अशी देशोदेशीची मंडळी तिथे एकत्र नांदतात. २००७ मध्ये प्राणिसंग्रहालय नव्याने बांधायची मोठी योजना आली, तेव्हा झाडांवर प्रेम करणारे काही मुंबईकर काळजीत पडले. ते नुसते ओरडत बसले नाहीत. त्यांनी झाडांची माहिती गोळा केली, जुने कागद शोधले, लोकांना बागेत फिरवून झाडांची ओळख करून दिली, बागेच्या दीडशे वर्षांवर पुस्तक काढलं. कुणी पगार देत नव्हतं. हौस होती!

असे हौशी लोक जगभर आहेत, आणि त्यातले कित्येक तर घरी बसून काम करतात. कसं ते सांगतो. वनस्पतिशास्त्रज्ञ झाडाची फांदी दाबून वाळवतात आणि जाड कागदावर चिकटवतात. कोपऱ्यात चिठ्ठी असते: झाडाचं नाव, कुठे मिळालं, कधी मिळालं, कुणी आणलं. ही चिठ्ठी म्हणजे त्या फांदीचं आधार कार्डच! पॅरिसच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयाने अशा ५० लाखांहून जास्त कागदांचे फोटो काढले. पण शंभर वर्षांपूर्वीचं गिचमिड अक्षर वाचणार कोण? २०१२ मध्ये त्यांनी इंटरनेटवर सगळ्यांनाच हाक दिली. कुणीही यावं, फोटो पाहावा, चिठ्ठी वाचावी आणि टाइप करावी. चूक राहू नये म्हणून एकच चिठ्ठी अनेक जण वाचतात.

एवढा खटाटोप कशाला? अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरो नावाचा लेखक १८५०च्या दशकात आपल्या गावातलं कोणतं फूल कधी उमललं, ते वहीत टिपायचा. दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच गावात पुन्हा पाहिलं. तीच फुलं सरासरी सात दिवस आधी उमलत होती! हवा तापत चालल्याचा पुरावा एका जुन्या वहीत लपला होता.

आता आपल्या धाराशिवकडे वळू. आपल्या जिल्ह्याचंही झाडांचं पुस्तक आहे बरं का! वनस्पतिशास्त्रज्ञ व्ही. एन. नाईक यांनी लिहिलेलं ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ १९७९ मध्ये प्रसिद्ध झालं. पण जरा थांबा. तेव्हा लातूर वेगळा जिल्हा नव्हता, तो झाला १९८२ मध्ये. म्हणजे पुस्तकातलं ‘उस्मानाबाद’ आजच्या धाराशिवपेक्षा बरंच मोठं! जिल्ह्याचं नावही आता बदललं. झाडांची शास्त्रीय नावंसुद्धा बदलतात. आपली बाभूळ जुन्या पुस्तकांत ‘अकेशिया’ आहे, नव्या पुस्तकांत ‘वाचेलिया’. ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या तिच्या चुलत भावंडांकडे राहिलं. बाभळीला त्याचं काही नाही, ती काटे घेऊन तशीच उभी! पण नोंद करणाऱ्याने जुनं आणि नवं, दोन्ही नावं जोडून ठेवावी लागतात. नाहीतर दोन नावांची दोन झाडं आहेत असंच वाटायचं.

म्हणून नोंद करताना नुसतं ‘पळस पाहिला’ लिहून भागत नाही. गाव, तालुका, तारीख लिहा. मोबाइलवर अक्षांश-रेखांश मिळतात, तेही टिपा. नावं बदलली तरी ते बदलत नाहीत. पान, फूल, फळ आणि खोड यांचे वेगवेगळे फोटो काढा. आजीला झाडाचं गावातलं नाव विचारा आणि तेही लिहा. फांदी तोडू नका, अनोळखी झाडाचा चीक अंगाला लावू नका आणि येडशीच्या रामलिंग अभयारण्यात जाल तेव्हा मोठ्यांना सोबत घ्या.

आणि लांब जायलाच हवं असंही नाही. ‘सीझनवॉच’ नावाचा उपक्रम शाळकरी मुलांसाठीही आहे. एकच झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याच्याकडे नीट पाहायचं. पालवी आली का? कळ्या किती? फळं पिकली का? देशभरातल्या मुलांच्या अशा नोंदी शास्त्रज्ञांच्या कामी येतात.

तुमच्या शाळेच्या आवारात कडुलिंब, चिंच, नाहीतर वड असेलच. येत्या सोमवारी बाईंना किंवा सरांना विचारून वर्गाचं एक झाड ठरवा, वही घाला आणि पहिल्या पानावर तारीख टाका. आणि हो, नोंद करणाऱ्यांची नावं लिहायला विसरू नका!