केबलवाल्याचं लायसन दिल्लीचं, पण रस्ता गावाचा. करार संपल्यावर ग्रामपंचायत काय मागू शकते?

आपल्या तालुक्यातल्या एका गावात गेले पंधरा दिवस केबलवरून वाद पेटलाय. केबलवाल्याचा ग्रामपंचायतीशी असलेला करार संपला. नवीन करारासाठी पंचायतीने तीन अटी घातल्या. वर्षाची रक्कम दुप्पट करा, शाळेला आणि पंचायत कार्यालयाला फुकट कनेक्शन द्या, आणि वायर टाकताना फोडलेला सिमेंट रस्ता नीट करून द्या. केबलवाला म्हणतो, माझं लायसन दिल्लीहून आलंय, तुमचा संबंध काय? त्यात कुणीतरी रात्री वेशीजवळची वायर कापली. तीन दिवस टीव्ही बंद. आगाऊ पैसे भरलेली माणसं मात्र मधल्या मध्ये अडकली.

खरं सांगायचं तर दोघंही अर्धंच बरोबर बोलतात.

केबलचा धंदा 1995 च्या केंद्राच्या केबल टेलिव्हिजन नेटवर्क कायद्याने चालतो. पूर्वी केबलवाल्याची नोंदणी हेड पोस्ट ऑफिसात व्हायची. जानेवारी 2025 पासून ती केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे ऑनलाइन होते. फी 5000 रुपये, मुदत 5 वर्षं, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या किमान 90 दिवस आधी करावा लागतो. ही नोंदणी देशभर चालते. म्हणजे 'तुझं लायसनच रद्द करतो' असं सरपंचांना म्हणता येत नाही. पण नोंदणीच नसेल तर केबल चालवणं बेकायदा आहे, आणि कलेक्टर किंवा प्रांतांना सामान जप्त करायचा अधिकार आहे. त्यामुळे पंचायतीने आधी सर्टिफिकेटची झेरॉक्स मागावी. आपल्याकडे भांडण आधी होतं आणि कागद नंतर बघतात.

आता रस्त्याचं. याच कायद्याचं कलम 4ब सांगतं की सार्वजनिक जागेतून वायर न्यायला, खांब उभे करायला केबलवाल्याला त्या जागेच्या मालक संस्थेची परवानगी लागते. गावच्या रस्त्याला ती संस्था म्हणजे ग्रामपंचायत. खोदलेली जागा पूर्ववत करून घ्यायची की दुरुस्तीचा खर्च वसूल करायचा, हे ठरवायचा हक्क पंचायतीचा आहे. सार्वजनिक हितासाठी वायर हलवायची गरज पडली, तर केबलवाल्याने ती स्वतःच्या खर्चाने हलवायची. उसाच्या ट्रॉल्या लोंबत्या वायरीत अडकतात, तिथे हे कलम कामाचं आहे. मात्र वायर महावितरणच्या खांबावरून गेली असेल तर खांबाची परवानगी महावितरणची, पंचायतीची नाही.

म्हणून तीन अटींपैकी रस्त्याची अट सगळ्यात भक्कम, आणि पंचायतीने तीच शेवटी टाकली. रक्कम दुप्पट कशावरून, याचा हिशोब दाखवता आला पाहिजे, कारण कायद्यात अटी वाजवी हव्यात असं आहे. फुकट कनेक्शन राजीखुशीने मिळालं तर मिळालं, हक्क म्हणून मागता येत नाही. वायर कापणं तर कुठल्याच कायद्यात बसत नाही.

आणखी एक भानगड. आता बहुतेक केबलवाले इंटरनेटही देतात. इंटरनेटच्या वायरला दूरसंचार कायदा 2023 आणि 1 जानेवारी 2025 पासूनचे वेगळे नियम आहेत. तिथे अर्ज ऑनलाइन येतो, आणि पंचायतीने मुदतीत उत्तर दिलं नाही तर मंजुरी मिळाली असं धरतात. अर्ज पडून राहिला की गावचा हात रिकामा.

ज्यांचे पैसे अडकलेत त्यांनी पंचायतीच्या आणि केबलवाल्याच्या वादाची वाट बघू नये. पावती जपून ठेवा, किती दिवस सेवा बंद होती ते तारखेसह लिहून केबलवाल्याला तक्रार द्या आणि तक्रारीचा नंबर मागा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन लावा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच.

या गावात आता ग्रामसभेत विषय येणार आहे. ठराव करताना रस्ता कुठून कुठपर्यंत फोडला, किती फूट, दुरुस्ती कोण करणार आणि किती दिवसांत, हे आकड्यात लिहून घ्या. ठरावाची नक्कल ग्रामसेवकांकडून (आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) सही-शिक्क्यासह मागून घ्या, आणि एक प्रत केबलवाल्याला देऊन त्याची पोच घ्या.