अवजारांची पेटी कोणत्या हवेसाठी?

राजकोटचा एक छोटा लेथ, ड्रिल मशीन, टेबलाला जखडलेला व्हाइस आणि त्याच टेबलावर ठेवायची ड्रॉवरची पेटी. बंगल्याच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवरच्या खोलीत एवढं जमलं की घरगुती वर्कशॉप उभं राहतं. लेथ घेताना माणूस महिनोन्महिने खल करतो. पेटी मात्र ड्रॉवर मोजून, पत्र्यावर बोटांनी टकटक करून आणि कुलूप चालवून बघून घेतली जाते. ड्रॉवर किती, पत्रा किती गेजचा, सरकपट्ट्यांना बॉल बेअरिंग आहे का, हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण ते दुय्यम आहेत. बडोद्यात अशा पेटीची खरी परीक्षा ती उघडताना होत नाही. जून ते सप्टेंबर ती आठवडेच्या आठवडे बंद पडून असते तेव्हा होते. आत ठेवलेल्या मायक्रोमीटरभोवती त्या काळात कोणती हवा असते, या एका प्रश्नावरून पेटी निवडली, तर आज बाजारात सर्वांत देखण्या समजल्या जाणाऱ्या पेट्या बऱ्याच मागे पडतात.

त्या देखण्या पेट्या मुळात कुणासाठी बनल्या हे बघण्यासारखं आहे. ओक लाकडाची, आत हिरवं फेल्ट लावलेली पेटी प्रसिद्ध केली ती अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या डेटनच्या गर्स्टनर कंपनीने. ही कंपनी १९०६ मध्ये सुरू झाली. खरबरीत तपकिरी रंगाच्या पोलादी पेट्या करणारी केनेडी कंपनी त्याच ओहायो राज्यातली, १९११ ची. तिकडच्या कामगाराला मोजमापाची अवजारं स्वतःच्या पैशाने घ्यावी लागत आणि नोकरी बदलली की पेटी उचलून न्यावी लागे. म्हणून ती पेटी उचलता येईल अशी, कुलूपबंद आणि थोडी मिरवण्यासारखी झाली. आपल्याकडे ही परंपरा रुजलीच नाही. कारखान्यातली अवजारं टूलरूमच्या मालकीची; पितळी बिल्ला द्यायचा, व्हर्नियर घ्यायचा, पाळी संपली की परत करायचा. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये त्रिभुवनदास गज्जरांच्या हाताखाली कलाभवन सुरू केलं आणि सुतारकामापासून यंत्रकामापर्यंतचं शिक्षण दिलं, पण तिथेही अवजारं असायची ती संस्थेची. त्यामुळे स्वतःची मोजमापाची अवजारं स्वतःच्या घरात पावसाळाभर कशी सांभाळायची, याचं तयार शहाणपण वारशाने आपल्यापर्यंत आलेलं नाही. ती पोकळी आता परदेशी व्हिडिओ भरून काढतात. व्हिडिओतली पेटी कोरड्या, हिवाळ्यात तापवलेल्या तळघरात ठेवलेली असते, हे कुणी सांगत नाही.

आता गंजाकडे वळू. लोखंड गंजायला पाणी दिसावं लागतं असा आपला समज असतो. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या खाली असेल तर पोलाद जवळजवळ स्वस्थ बसतं. त्यापुढे गंजाचा वेग एकदम वाढतो, आणि पृष्ठभागावर धूळ किंवा क्षार असतील तर आणखी. दव पडण्याची गरजच नाही. बोटाच्या ठशातल्या घामात मीठ असतं, आणि मिठाचा कण हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांपुढे गेली की आपणहून पाणी ओढून विरघळतो. म्हणजे जुलैतल्या कोणत्याही दिवशी व्हर्नियरच्या जबड्यावरचा कोरडा ठसा हा सूक्ष्म खाऱ्या पाण्याचा थेंब बनलेला असतो. महिन्याभराने भिंगातून बघितलं तर गंजाच्या तपकिरी रेषा अंगठ्याच्या वळ्यांच्याच आकारात उमटलेल्या दिसतात. बडोद्याची उन्हाळी दुपार याच्या अगदी उलट, आर्द्रता पुष्कळदा ३० टक्क्यांच्याही खाली. वर्षातले सात-आठ महिने कोणतीही पेटी चालते, आणि त्यामुळेच चुकीची पेटी बरोबर वाटत राहते.

लाकडाच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद केला जातो. लाकूड आर्द्रता शोषतं आणि सोडतं, म्हणून लाकडी पेटीतली हवा पत्र्याच्या पेटीपेक्षा स्थिर राहते. हे खरं आहे, पण दिवस-रात्रीच्या चढउतारापुरतं. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे ६ टक्के पाणी असतं, ८० टक्क्यांना सुमारे १६. पाऊस आठवडाभराचा असता तर लाकडाने तो झेलला असता. चार महिन्यांत लाकूड स्वतःच बाहेरच्या हवेशी जुळवून घेतं, आणि मग आत ठेवलेलं पोलाद एका ओलसर वस्तूला टेकून बसलेलं असतं. दुसरी अडचण आम्लाची. ओकमधून अॅसेटिक आम्लाची वाफ सतत थोडी थोडी सुटते, आणि बंद खणात ती साचते. सागवान या बाबतीत ओकपेक्षा बरं. जहाजबांधणीत सागाला मान मिळाला त्यात लोखंडी खिळे-बोल्ट ओकसारखे खात नाही याचाही वाटा होता, आणि मुंबईच्या गोदीत १८१७ मध्ये बांधलेलं सागवानी ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. पण आज ‘लाकडी पेटी’ म्हणून मिळतं ते बहुधा प्लायवुड किंवा एमडीएफ, आणि त्यातल्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड आणि आम्लं बाहेर पडतात.

हा प्रश्न यंत्रशाळांच्या आधी संग्रहालयांना भेडसावला. नाणी आणि कांस्यमूर्ती ठेवायच्या कपाटांनीच त्यांना नासवलं, असं घडत होतं. ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यावर सोपी चाचणी सुचवली. कपाटाच्या लाकडाचा किंवा कापडाचा तुकडा, चकचकीत केलेली धातूची पट्टी आणि थोडं पाणी एका घट्ट बंद काचपात्रात ठेवायचं. ६० अंश सेल्सिअसला २८ दिवसांनी धातूची काय दशा झाली ते पाहायचं. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे आणि कलाभवनाच्या इमारतीत त्याच विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा. अवजारांच्या पेटीचा विषय नेमका या दोन विभागांच्या मधला आहे. घरी भट्टी नको. मुरांब्याच्या बरणीत पेटीच्या अस्तराचा तुकडा, घासून स्वच्छ केलेली पोलादी पट्टी आणि ओला कापूस, एकमेकांना न टेकता. शेजारी तशीच दुसरी बरणी, फक्त अस्तराविना. दोन्ही महिनाभर गच्चीवरच्या उन्हात ठेवल्या तरी फरक कळतो. अशा कसोटीला हिरवं फेल्ट कितपत टिकेल याची मला शंका आहे. आणि टिकलं तरी ते घाम, ओल आणि ग्राइंडिंगची धूळ धरून ठेवतं, त्यामुळे अवजार काढता-ठेवताना त्याचं पॉलिश पेपर होतं. पॉलिइथिलीनचा फोम यापेक्षा कितीतरी चांगला. रेक्झिन आणि पीव्हीसीची अस्तरं मात्र नकोतच. ती जुनी होताना हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतात.

मग पत्र्याची पेटी घेऊन आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या की झालं, असं बहुतेकांना वाटतं. हिशोब करून बघू. ३० अंशांना ८० टक्के आर्द्रतेच्या एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते. ६० सेंटिमीटर लांब, ३० खोल आणि ३५ उंच पेटीत ६३ लिटर हवा मावते, म्हणजे दीड ग्रॅम वाफ. आर्द्रता ४० टक्क्यांवर आणायची तर त्यातली निम्मी, पाऊण ग्रॅम, काढायला हवी. एवढ्यावर थांबलं असतं तर प्रश्नच नव्हता. पण ड्रॉवरच्या पेटीला प्रत्येक ड्रॉवरभोवती फट असते. समजा दिवसाला दहा वेळा आतली हवा बदलते. तर रोज साडेसात ग्रॅम पाणी. १०० ग्रॅम जेल त्या आर्द्रतेला जेमतेम २० ग्रॅम धरतं. तिसऱ्या दिवशी ते भरलं. आता त्याच पेटीच्या एका खणात रबरी कड असलेला, खटके लावून बंद होणारा पाच लिटरचा प्लास्टिकचा डबा ठेवा, फरसाण सादळू नये म्हणून घरोघरी वापरतात तसा. त्यात हवा दिवसाला एकदा बदलली असं धरलं तरी रोज फक्त ०.०६ ग्रॅम पाणी. ५० ग्रॅम जेल १० ग्रॅम पाणी धरेल. पावसाळा संपून दिवाळी येईल तरी ते पुरतं. डबा अधूनमधून उघडला तर मुदत कमी होईल, पण दोन्ही हिशोबांत फरक पन्नासपटीहून अधिक आहे, आणि तो पेटी किती महाग आहे यावर अवलंबून नाही. जेल नारिंगी रंगाचं घ्यावं. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, जे हाताळायला बरं नाही. भरलेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना तापवलं की पुन्हा कामाला येतं.

याचा पेटीच्या निवडीवर थेट परिणाम होतो. गर्स्टनर घाटाच्या पेटीत बहुतेक ड्रॉवर उथळ असतात, चार-पाच सेंटिमीटरचे. त्यात असे डबे मावत नाहीत. आपल्याला हवी ती पेटी अशी की जिच्यात टॅप, डाय, ड्रिल, टूल बिट यांच्यासाठी दोन-तीन उथळ ड्रॉवर आहेत आणि तळाला किमान एक खण आठ-नऊ सेंटिमीटर उंचीचा आहे. दुकानात जाताना डबा बरोबर न्यावा. मायक्रोमीटर, डायल गेज आणि स्लिप गेज डब्यात. बाकीचं सगळं उघड्या ड्रॉवरमध्ये तेलाचा हात फिरवून.

इथे जुना जाणता कारागीर म्हणेल की सगळ्यालाच तेल लावा, डबे कशाला. बहुतेक अवजारांबाबत त्याचं म्हणणं मान्य करायला हवं. ड्रिल आणि टॅप यांना तेल पुरतं. (कानशींना नको, तेलकट कानस कापत नाही, घसरते.) पण पातळ तेलाचा थर आठवड्यांत ओघळतो, पाण्याची वाफ त्यातून हळूहळू पार होते, आणि त्यावर बसलेली धूळ मायक्रोमीटरच्या तोंडांत गेली की तिथे ०.०१ मिलिमीटरचा हिशोब बिघडतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत अशा पत्र्याच्या पेट्या वर्षानुवर्षं चालतात, तिथे कुणी डबे लावत नाही. तिथलं अवजार रोज हातात येतं, रोज पुसलं जातं, त्याच्यावरचा ठसा बारा तासांत निघतो. घरगुती वर्कशॉपमधलं अवजार रविवारी वापरलं तर वापरलं, नाहीतर पुढच्या महिन्यात. कारखान्यात पेटी अवजारांना दिवसभराची जागा देते, घरी तीच त्यांचं गोदाम असते. कारखान्याचा अनुभव म्हणूनच इथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

वातानुकूलित खोलीचा उपाय सुचवणारेही भेटतात. एसी दिवसरात्र चालू असेल तर तो खरोखर हवा कोरडी करतो. पण काम करताना दोन तास लावून नंतर बंद केला, तर तो नसलेलाच बरा. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. खोली २४ अंशांवर आली, पेटीतलं पोलादही हळूहळू तेवढंच थंड झालं, मग दार उघडलं की बाहेरची हवा त्या पोलादावर दव सोडते. एरवी बडोद्याच्या पावसाळ्यात तापमान दिवसरात्र फारसं हलत नाही आणि दव क्वचितच पडतं. ते आपण विकत आणतो. त्यापेक्षा पूर्वी कपाटात बल्ब लावून कॅमेरे जपायचे, ते शास्त्राला धरून होतं. ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३० वरून ३५ अंशांवर नेली की, वाफ तेवढीच असूनही, सापेक्ष आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास उतरते. पेटी पत्र्याची असेल तर हे वीस-पंचवीस वॅटमध्ये साधतं. एलईडी बल्ब इथे कुचकामी, तो तेवढी उष्णता देत नाही. वायरवाउंड रेझिस्टर लावावा. फक्त उबदार पेटीतून काढलेला मायक्रोमीटर लगेच वापरू नये: पोलाद दर अंशाला दशलक्षामागे सुमारे साडेअकरा भागांनी वाढतं, तेव्हा पाच अंशांचा फरक २५ मिलिमीटरमागे जवळपास दीड मायक्रॉन होतो. आणि ठेवताना त्याची दोन्ही तोंडं एकमेकांना भिडवून ठेवू नयेत, किंचित फट सोडावी.

पत्र्याची जाडी आणि बेअरिंग यांचं काय? पत्रा जाड असावा. त्याचं कारण मजबुतीइतकंच वजनही आहे. समजा ओढलेले ड्रॉवर वगळून बाकीची पेटी १५ किलोची आणि ३० सेंटिमीटर खोल आहे. तिचा भार पुढच्या कडेपासून १५ सेंटिमीटर मागे, गुणाकार २२५. आठ किलोचा एक ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढला, त्याचा भार कडेच्या १४ सेंटिमीटर पुढे, गुणाकार ११२. दोन ओढले की २२४. म्हणजे तिसऱ्या खणाला हात लावला, की पेटी अंगावर येते. पूर्ण बाहेर येणारे बेअरिंगवाले ड्रॉवर हाताला जितके गोड, तितके या बाबतीत धोक्याचे. साधा, पाऊण बाहेर येऊन थांबणारा ड्रॉवर छोट्या पेटीला जास्त शोभतो. चक आणि पाने तळाला ठेवावेत, हे वेगळं सांगायला नको.

चाकांच्या, जमिनीवरच्या मोठ्या कॅबिनेटपेक्षा टेबलावरची पेटी बरी की नाही, यावर इतर शहरांत वाद घालता येईल. बडोद्यात ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस झाला, आणि ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी धोक्याच्या पातळीच्या कितीतरी वर जाऊन वस्त्यांत शिरली. मगरी रस्त्यांवर आल्या त्या बातम्या देशभर गेल्या, तळमजल्यांवरच्या यंत्रांचं काय झालं याची बातमी फारशी झाली नाही. लेथ उचलता येत नाही. पेटी उचलता यायला हवी. म्हणून भरलेल्या पेटीचं वजन दोन माणसांना जिना चढवता येईल इतकंच असावं, बाजूच्या कड्या पत्र्याला नुसत्या स्पॉट वेल्ड केलेल्या नसून आतून पट्टी देऊन रिव्हेट केलेल्या असाव्यात, आणि झाकण लावलं की सगळे ड्रॉवर एकाच वेळी अडकतील अशी सोय असावी. गर्स्टनर आणि केनेडीच्या पेट्यांत पुढचा फळा वर येऊन नेमकं हेच करतो. त्यांच्याकडून घ्यायची गोष्ट असेल तर ती ही आहे.