हुशार लेकराची शाळा

भातकुली तालुक्यातल्या एखाद्या गावात चार वर्षांचं लेकरू दुकानांच्या पाट्या वाचू लागलं, हिशेब तोंडी सांगू लागलं, की घरात एकच बोलणं सुरू होतं : याला अमरावतीच्या कॉन्व्हेंटमध्येच घालायला पाहिजे. हा तालुका खारपाणपट्ट्यातला. विहिरीचं पाणी खारं, शेती बहुतेक पावसाच्या भरवशावर. अशा घराला शाळेची फी आणि व्हॅनचं भाडं म्हणजे कपाशीच्या पैशातला मोठा वाटा. तरी आईबाप तो द्यायला तयार होतात, कारण मुलाची हुशारी वाया जाईल ही भीती खर्चापेक्षा मोठी असते. ही भीती खरी आहे. तिच्यावर शोधलेला उपाय मात्र बहुतेक वेळा चुकतो. माझं मत असं की पाचवीपर्यंत हुशार मुलासाठी घराजवळची, घरच्या भाषेत शिकवणारी शाळाच जास्त चांगली. अट एकच, तिथे मन लावून शिकवणारा शिक्षक हवा.

या मताला आधार आहे. आंध्र प्रदेशात 2008 पासून 180 गावांमध्ये एक मोठा प्रयोग झाला. सरकारी शाळेतल्या काही मुलांना सोडतीने खासगी शाळेत फुकट शिकण्याची संधी दिली गेली. सोडतीमुळे दोन्हीकडची मुलं सारख्याच घरांतली राहिली, म्हणून ही तुलना प्रामाणिक आहे. चार वर्षांनी तपासलं तेव्हा तेलुगू आणि गणितात खासगी शाळेतली मुलं पुढे गेलेली नव्हती. हिंदीत ती पुढे होती, कारण तो विषय तिथे शिकवला जात होता. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. पण गणवेश आणि फी पाहून पालक जी झेप गृहीत धरतात, ती दिसली नाही. तेलुगू माध्यमातून एकदम इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांना तो बदल जड गेला असावा, असंही अभ्यासकांना आढळलं.

यावर लगेच प्रश्न येतो : मग इंग्रजीचं काय? इंग्रजी लागतंच, त्यात वाद नाही. महाराष्ट्रात 2000 सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. ते नीट शिकवलं जावं, हा आग्रह पालकांनी धरलाच पाहिजे. मात्र इंग्रजी शिकणं वेगळं आणि सगळंच इंग्रजीतून शिकणं वेगळं. लहान मुलाची हुशारी त्याच्या प्रश्नांत दिसते. पाऊस कुठून येतो, शून्याच्या आधी काय असतं, हे विचारायला त्याला शब्द लागतात. सहा वर्षांच्या पोराकडे ते फक्त घरच्या भाषेत असतात. जिथे त्याला प्रश्नच विचारता येत नाही, तिथे ते पाठांतर करून शाबासकी मिळवायला शिकतं. आईबापांना ही प्रगती वाटते आणि चूक फार उशिरा लक्षात येते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे लहान गावात दोन गुरुजी आणि चार-पाच वर्ग, त्यातही एक जण बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरला एक. अशा शाळेत हुशार मुलाकडे कोण पाहणार? याला सरसकट उत्तर नाही, शाळा पाहूनच ते मिळतं. एखाद्या साध्या दिवशी जा, स्नेहसंमेलनाच्या नाही. वह्या चाळा : नुसती बरोबरची खूण आहे की कुठे चुकलं तेही लिहिलंय? वाचनाची पुस्तकं मुलांच्या हातात आहेत की कपाटात कुलूपबंद? ज्याचं गणित आधी सुटतं त्या पोराला गुरुजी पुढचं काही देतात की हाताची घडी घालून बसवतात? एकत्र बसणाऱ्या वर्गांत दुसरीतल्या चुणचुणीत मुलाच्या कानावर चौथीचं गणित पडतं. चांगला शिक्षक या गोष्टीचा उपयोग करून घेतो. असा शिक्षक नसेल, तर शेजारच्या गावची शाळा बघा, केंद्रशाळा बघा. नुसत्या गावाच्या अभिमानापोटी मुलाला तिथेच ठेवू नका.

खरा फाटा सहावीला येतो. 1985-86 मध्ये देशात प्रायोगिक म्हणून दोनच नवोदय विद्यालयं सुरू झाली, एक हरियाणातल्या झज्जरला आणि दुसरं आपल्या अमरावतीला. खेड्यातल्या हुशार मुलांसाठी निवासी शाळेची ही कल्पना ज्या दोन ठिकाणी पहिल्यांदा उभी राहिली, त्यातलं एक भातकुलीच्या शेजारी आहे. सहावीच्या प्रवेशासाठी पाचवीतल्या मुलांची परीक्षा होते, ती मराठीतूनही देता येते. राहणं-जेवण मोफत असतं. किमान 75 टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली लागतात. म्हणजे चौथीला शहरातल्या कॉन्व्हेंटमध्ये घातलेलं मूल हा हक्क गमावून बसतं. खुद्द भातकुलीला आता नगरपंचायत आहे, तेव्हा आपली शाळा ग्रामीण धरतात की शहरी, हे तिथल्या पालकांनी तिसरीच्या आधीच विचारून घ्यावं.

पण नवोदयकडे सुटकेचा एकमेव दरवाजा म्हणून पाहू नये. जिल्ह्यातून साधारण ऐंशी मुलं घेतली जातात आणि परीक्षा एकदाच देता येते. एका-दोन गुणांनी राहिलेलं पोर काही मागे पडलेलं नसतं. अमेरिकेत 1921 मध्ये लुईस टर्मन यांनी बुद्धिचाचणीवरून मुलं निवडली. त्या निवडीत न बसलेल्यांपैकी शॉकली आणि अल्वारेझ या दोघांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. बॉस्टन आणि न्यूयॉर्कच्या नामांकित, प्रवेशपरीक्षेच्या शाळांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रवेशरेषेच्या जरा वर आणि जरा खाली असलेल्या मुलांच्या पुढच्या गुणांत फारसा फरक दिसला नाही. नामांकित शाळांचे निकाल चांगले लागतात, त्यात मोठा वाटा निवडून घेतलेल्या मुलांचा असतो. शिवाय अकराव्या वर्षी घर सोडणं प्रत्येकाला मानवत नाही. फॉर्म भरण्याआधी मुलालाही विचारा.

हुशार मुलांचे आईबाप गावच्या शाळेतून बाहेर पडले की गुरुजींना जाब विचारणारं कोणी उरत नाही आणि पटसंख्या घटली की शिक्षकही कमी होतात. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बहुतेक ठिकाणी त्या सभेला कोणी फिरकत नाही. पुढच्या सभेला जा. रिकाम्या पदावर शिक्षक मागा, वाचनाची पुस्तकं मागा आणि ती मिळेपर्यंत विषय सोडू नका.