राक्षसभुवनची रणभूमी आणि तिचे राखणदार

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर वसलेले राक्षसभुवन हे गाव महाराष्ट्राच्या भाविक जनतेस शनिमहाराजांचे स्थान म्हणून परिचित आहे. शनि अमावास्येस येथे दूरदूरच्या मुलखातून यात्रेकरूंची रीघ लागते. नदीत स्नान करून, देवाला तेल वाहून आणि रुईच्या पानांची माळ अर्पण करून माणसे माघारी फिरतात. ज्या काळ्या मातीवरून त्यांची वाहने जातात, त्याच मातीत १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठी राज्याच्या पुढील दहा वर्षांचे भवितव्य ठरले, हे सांगणारा मनुष्य मात्र त्यांना सहसा भेटत नाही. देवस्थानाची स्मृती लोकांनी राखली, कारण तिच्याभोवती पूजा आहे, पुजारी आहे, तिथी आहे. रणभूमीची स्मृती राखावयाची तर तिलाही तिथी द्यावी लागेल, सांगणारा द्यावा लागेल, आणि हे काम पुण्या-मुंबईच्या विद्वानांपेक्षा त्याच पंचक्रोशीतील शिक्षकांनी, शेतकऱ्यांनी व तरुण मंडळांनी केले तरच ते टिकेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या लढाईची हकीकत थोडी सविस्तर सांगितल्यावाचून तिचे मोल ध्यानी यावयाचे नाही. पानिपतचा प्रलय होऊन अडीच वर्षांहून थोडाच अधिक काळ लोटला होता. नानासाहेब पेशवे पुत्रशोकाने व बंधुशोकाने खचून वारले होते, गादीवर अठरा वर्षांचे माधवराव होते, आणि सारा कारभार हाती असावा या ईर्षेने चुलते रघुनाथराव ऊर्फ दादासाहेब निजामाची मदत घेऊन पुतण्यावरच चालून गेले होते. नोव्हेंबर १७६२ मध्ये आळेगाव येथे माधवरावांनी घरातील फूट मिटावी म्हणून स्वतः होऊन चुलत्याच्या स्वाधीन होण्याचा असामान्य निर्णय घेतला. परंतु दादासाहेबांच्या कारभाराने जुने मानकरी दुखावले. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले, नागपूरचे जानोजी भोसले सातारच्या राज्यावरील अधिकाराच्या आशेने त्याच पक्षास मिळाले, आणि या साऱ्या असंतोषाची मोट बांधणारा पुरुष होता निजामअलीचा दिवाण विठ्ठल सुंदर. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. पेशव्यांच्या कुटुंबीयांस सिंहगडाचा आश्रय घ्यावा लागला.

मराठ्यांनी पुणे राखीत बसण्याऐवजी निजामाच्याच मुलखात मुसंडी मारली. औरंगाबादेकडून वऱ्हाडात, तेथून हैदराबादेच्या रोखाने त्यांच्या घोडदळाने खंडण्या वसूल करीत शत्रूस आपल्यामागे खेचले. तोवर आतून राजकारणही चालले होते. बत्तीस लक्षांच्या मुलखाचे अभिवचन मिळताच जानोजी निजामापासून फुटले. पावसाळा लागला होता. निजामअली छावणीसाठी औरंगाबादेकडे निघाला आणि राक्षसभुवनाजवळ गोदावरीच्या काठी येऊन ठेपला. शके १६८५ चा श्रावण नुकताच लागला होता, नदी दुथडी भरून वाहत होती. निजाम स्वतः काही फौजेनिशी पलीकडे उतरला. विठ्ठल सुंदर बाकीचे सैन्य व सामान घेऊन अलीकडे राहिला. याच क्षणाची वाट पाहणारे मराठे मजल-दरमजल करीत येऊन धडकले.

लढाई निकराची झाली. प्रारंभी रघुनाथरावांची तुकडी वेढली गेली आणि खुद्द दादासाहेब शत्रूच्या गराड्यात सापडले. तेव्हा माधवराव ताज्या दमाच्या फौजेसह पुढे सरसावले. मल्हारराव होळकर व दमाजी गायकवाड यांचीही पथके रणात होतीच. विठ्ठल सुंदर पडला आणि त्याबरोबर दक्षिण तीरावरील सैन्याचा धीर सुटला. पैलतीरावरील निजामअलीस आपल्या दिवाणाच्या मदतीस येणे शक्य नव्हते, कारण मध्ये गोदावरी होती. पुढे २५ सप्टेंबर १७६३ रोजी औरंगाबादेस तह होऊन ब्याऐंशी लक्षांचा मुलूख पेशव्यांकडे आला. ज्या चुलत्याने पुतण्यास नजरकैदेत ठेविले होते त्याचाच जीव पुतण्याने वाचविला. त्या दिवसापासून माधवराव हे नावाचे नव्हे, खरे पेशवे झाले. पानिपतावर शोक करण्यात आपण जेवढी शाई वेचली तिचा दहावा हिस्सा तरी राक्षसभुवनास मिळावयास हवा होता.

आता हे सर्व कागदांतून कळते, मग त्या जागेचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. राजवाडे, खरे, सरदेसाई यांनी अपार कष्टाने प्रसिद्ध केलेल्या साधनांतून कोण कोणाबरोबर होते, कोणी कोणास काय लिहिले, हे उमगते. शेजवलकरांनी तर निजाम-पेशवे संबंधांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. परंतु निम्मी फौज पैलतीरी गेल्यानंतर उरलेली फौज किती असहाय होते, हे नदीच्या उंच दरडीवर उभे राहून समोरचा काठ पाहिल्यावाचून मनात उतरत नाही. त्यातही एक अडचण आहे. पैठणास जायकवाडीचे धरण झाल्यापासून गोदावरी दर श्रावणात पूर्वीसारखी वाहत नाही. नाथसागराचे दरवाजे उघडले म्हणजेच तिला ते जुने रूप येते. म्हणून उन्हाळ्यात आलेल्या विद्यार्थ्यास वाळवंटातून वाहणारी क्षीण धार दाखवून “येथे निजामाची फौज अडली” असे सांगितले तर त्याचा विश्वास बसावयाचा नाही. त्याला नकाशा, पुराचे छायाचित्र आणि जाणता वाटाड्या हवा. रणभूमीचे शिक्षण म्हणजे इतकेच, आणि इतके सारे.

ही स्मृती येथे क्षीण का झाली, याचेही कारण स्पष्ट आहे. तहाने मुलूख गेले आणि आले, पण अखेरीस बीड जिल्हा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. ज्या दरबाराचा दिवाण येथे पडला त्याच दरबाराच्या अंमलाखाली त्या पराभवाचा चिरा कोण उभा करणार? स्वातंत्र्यानंतर कायदे झाले, केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा. परंतु त्यांची दृष्टी मुख्यतः मंदिर, किल्ला, लेणे, शिलालेख यांवर आहे. लढाईचे शेत हे शेतच राहते. त्यावर कापूस होतो, ऊस होतो, त्याच्या सातबाऱ्यावर इतिहासाची नोंद नसते.

कायद्याची वाट न पाहता लोकांनी काय साधले, याची उदाहरणे आपल्याच राज्यात आहेत. शिवाजीमहाराजांनी १६६१ साली कारतलबखानाच्या फौजेस जेथे कोंडले त्या उंबरखिंडीत, खालापूर तालुक्यातील चावणी गावाजवळ, आज स्मारक उभे आहे आणि फेब्रुवारीच्या आरंभी विजयदिन साजरा होतो. दूर पानिपतास १४ जानेवारी रोजी हरियाणातील रोड मराठा समाज आणि महाराष्ट्रातून गेलेले लोक एकत्र येतात. बीडच्या वेशीलगतच, जामखेड तालुक्यातील खर्डा येथे, जेथे मार्च १७९५ मध्ये निजामअलीवर किल्ल्यात कोंडून घेण्याचा प्रसंग आला, २०२१ च्या दसऱ्यास चौऱ्याहत्तर मीटर उंचीच्या स्तंभावर भगवा ध्वज चढला. ध्वजाचा अभिमान मलाही वाटतो. मात्र ध्वज दुरून दिसतो, लढाई दिसत नाही. निजामाची फौज कोणत्या घाटाने उतरली, मराठ्यांची बिनी कोठे होती, हे गावच्या पोरांना बोट दाखवून सांगता आले म्हणजे काम झाले.

परदेशातील दोन दाखले मला या संदर्भात फार बोलके वाटतात. राक्षसभुवनानंतर बरोबर शंभर वर्षांनी, जुलै १८६३ मध्ये, अमेरिकेच्या यादवी युद्धातील गेटिसबर्गची लढाई झाली. त्या गावातील डेव्हिड मॅकॉनॉही नामक वकिलाने तोफांचा धूर विरतो न विरतो तोच मोक्याच्या टेकड्या विकत घेण्यास प्रारंभ केला आणि एप्रिल १८६४ मध्ये गावकऱ्यांच्या स्मारक मंडळास रीतसर सनद मिळाली. सरकारने ती भूमी राष्ट्रीय उद्यान म्हणून आपल्याकडे घेतली ती पुढे तीस वर्षांनी. उलट वॉटर्लूस राजाज्ञेने १८२६ पर्यंत सिंहाचे जे प्रचंड कृत्रिम टेकाड उभारले गेले, त्यासाठी माती खणली ती रणक्षेत्रातूनच. ज्या उंचवट्याच्या आश्रयाने वेलिंग्टनने लढाई जिंकली तोच उंचवटा स्मारकापायी छिलला गेला. स्मारके उभारणाऱ्या आपल्या उत्साही मंडळींनी हा दुसरा दाखला विसरू नये. राक्षसभुवनास भव्य पुतळा व सिमेंटचा चौथरा होण्याआधी तेथील भूमीची मोजणी व नकाशा होणे अगत्याचे आहे.

इंग्लंडमध्ये नेझ्बीच्या रणभूमीवरून हमरस्ता गेल्यानंतर तेथील लोक जागे झाले आणि १९९५ साली रणक्षेत्रांची एक नोंदवही तयार झाली. त्या नोंदीने कोणाची जमीन जात नाही; नांगर चालतो, मालकी कायम राहते; फक्त तेथे रस्ता वा इमारत करावयाची झाल्यास त्या भूमीचा इतिहास विचारात घ्यावा लागतो. आपल्याकडे असा पायंडा पाडण्यास अडचण कोणती? शेतकऱ्याच्या मनात “जमीन सरकारजमा होईल” ही भीती असते, आणि ती निराधार आहे असे कोणीतरी त्याच्या ओट्यावर बसून सांगितले पाहिजे. गोदेच्या पात्रातील बेसुमार वाळूउपशाने काठ ढासळतात, उतार बदलतात. या लढाईत नदीचा काठ हाच मुख्य साक्षीदार असल्याने तेथील वाळूचा प्रश्न हा इतिहासाचाही प्रश्न आहे, हे ग्रामसभेत ठासून मांडावयास हवे.

लहान कामे पुष्कळ आहेत. जिल्ह्यात गावोगावी वेशीजवळ, मारुतीच्या पारामागे वीरगळ पडलेले असतात: तळच्या चौकटीत लढणारा वीर, मधल्या चौकटीत त्यास वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा. त्यांतील बहुतेक पेशवाईच्या कितीतरी आधीचे आहेत. पण कोणावर शेंदराचे थर चढले आहेत, कोणावर धुणे आपटले जाते. त्यांचे छायाचित्र, माप व जागा टिपून ठेवण्यास शाळेतील मुले पुरी पडतात. नांगरटीत तोफेचा गोळा वा शिशाची गोळी सापडली तर ती भंगारात न देता गटक्रमांक व खोली नोंदवून तहसिलात कळवावी. १८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. आणि एक घोटाळा तर तातडीने निस्तरावा: पेशव्यांचे सेनापती बापू गोखले फेब्रुवारी १८१८ मध्ये ज्या आष्टीस धारातीर्थी पडले ती सोलापूर जिल्ह्यातील आष्टी होय, आपल्या बीड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव नव्हे. खोट्या अभिमानाची गरज राक्षसभुवनाच्या जिल्ह्यास मुळीच नाही.

गेवराई तालुक्यातील शाळांस माझी विनंती अशी की, १० ऑगस्ट हा दिवस त्यांनी आपल्या वार्षिक नियोजनात आजच लिहून ठेवावा आणि त्या दिवशी मुलांना काठावर नेऊन लढाई समजावून द्यावी. देवस्थानाच्या व्यवस्थापकांनी यात्रेच्या दिवशी एक नकाशा व चार ओळींचा फलक लावावा. आणि ज्या देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी घराण्यांच्या माळ्यावर मोडी कागदांची रुमाले वाळवीच्या तोंडी पडून आहेत, त्यांनी ती जाणकारास दाखवावीत. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग चालविते, वाचणारे आता गावोगाव तयार होत आहेत.